डोळ्यातले कुसळ

दिवाळीच्या अंकात आजारपणावर लिहू नये, असा एक संकेत आहे. फराळाच्या ताटाशेजारी काढ्याची वाटी कोणी मांडत नाही. तो संकेत यंदा मी मोडतो आहे, त्याला कारण माझे मामा. गणपतीत ते मला म्हणाले, "दर वर्षा तू काय काय लिवतंस. औंदा माझ्या फोटोचा लिव. कोणाच्या तरी उपेगी पडात." मामांचा शब्द मी सहसा मोडत नाही; आणि या प्रकरणात तर तो मोडण्याइतके तोंड मला उरलेले नाही. ते का, हे पुढे येईलच.

'फोटो' म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. आमच्या मालवण किनाऱ्यावर शरीराच्या आतल्या सर्व चित्रांना मिळून हा एकच शब्द आहे. हात मोडला, फोटो काढला. पोटात गोळा आला, फोटो काढला. डोक्याला मार लागला, मोठा फोटो काढला. डॉक्टर बिचारे एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन, एमआरआय अशी वेगवेगळी नावे घेतात, आम्ही ती कानाआड करून घरी येतो आणि सांगतो, "फोटो सांगितलाय." भाषेचा अध्यापक म्हणून हा शब्द मला मनापासून आवडतो. पण त्यात एक खोट आहे. चार निरनिराळ्या गोष्टींना एक नाव पडले, की त्या चारही सारख्याच वाटू लागतात. आणि त्या तशा नाहीत.

मामा बहात्तर वर्षांचे आहेत. सारा जन्म त्यांनी मच्छीमारांच्या बोटींची इंजिने दुरुस्त करण्यात घालवला. दांडीच्या किनाऱ्यावर कोणाचे इंजिन कोणत्या आवाजाने रडते, हे ते घरात बसून सांगत. गेल्या मार्गशीर्षात त्यांच्या कमरेतून कळ निघू लागली आणि ती डाव्या पायात उतरू लागली. बाजारापर्यंत जाताना चार वेळा बसायची पाळी आली. डॉक्टरांनी तपासले, पायाला टाचणी टोचून पाहिली आणि कमरेच्या मणक्याचा एमआरआय करून आणायला सांगितले.

अशा वेळी घरात एक सभा भरते. आमच्याकडेही भरली. फोटो कुठे काढायचा, यावर प्रथम चर्चा झाली. आमच्या भागातले लोक कोणी ओरोसला जातात, कोणी कुडाळ-कणकवलीला, कोणी घाट चढून कोल्हापूरला, तर कोणी बांद्यावरून गोव्यात बांबोळीला. प्रत्येक ठिकाणी प्रत्येकाचा एकेक जावई किंवा भाचा ओळखीचा असतो आणि त्यावरून वाद होतात. अखेरीस एक ठिकाण ठरले. मामांना घेऊन कोणी जायचे, यावर मात्र वाद झाला नाही. मी प्राध्यापक; शिवाय दोन वर्षांपूर्वी मानेसाठी मी स्वतः त्या यंत्रात निजून आलेला. तेव्हा माहितगार म्हणून माझी एकमताने निवड झाली. मीही ती ऐटीत स्वीकारली.

आदल्या रात्री ओटीवर बसून मी मामांना चारही फोटोंवर एक छोटेसे व्याख्यान दिले. ते वाचकांनाही उपयोगी पडेल, म्हणून येथे देतो.

पहिला फोटो एक्स-रेचा. १८९५ साली जर्मनीत राँटगेन नावाच्या शास्त्रज्ञाला हे किरण सापडले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याने आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र काढले. हाडे दिसली आणि बोटातली अंगठी दिसली. किरण मांसातून आरपार जातात, हाडाला अडतात. पडते ती सावली. काम क्षणाचे. दुसरा फोटो सोनोग्राफीचा. यात किरण नसतात, कानाला ऐकू न येणारा आवाज असतो. तो आत पाठवायचा आणि त्याचा प्रतिध्वनी टिपायचा. मासे शोधायला ट्रॉलरवर जे यंत्र बसवतात, त्याच जातीची ही युक्ती. मध्ये हवा आली तर आवाज नीट आत जात नाही, म्हणून पोटावर तो गार, बुळबुळीत लेप लावतात. ओटीपोट पाहायचे असेल तर भरपूर पाणी पिऊन लघवी रोखून धरायला सांगतात, कारण भरलेले मूत्राशय आतड्यांना बाजूला सारते आणि आवाजाला वाट करून देते. पित्ताशय पाहायचे असेल तर उपाशी बोलावतात, कारण जेवणानंतर ते आकसते. म्हणजे पाणी प्यायचे की उपाशी राहायचे, हे डॉक्टरांची लहर ठरवत नाही. काय पाहायचे आहे, ते ठरवते. सोनोग्राफीच्या प्रत्येक खोलीबाहेर गर्भलिंग सांगितले जात नाही, अशी पाटी असते. याविषयीचा देशातला पहिला कायदा १९८८ साली आपल्या महाराष्ट्राने केला आणि १९९४ मध्ये तो केंद्राने केला. ती पाटी का लावावी लागली, याचा विचार मात्र आपण आपल्या घरी बसून करावा.

तिसरा फोटो सीटी स्कॅनचा. मोठ्या वड्याच्या भोकासारखे एक कडे असते, त्यातून आपण निजलेली फळी सरकते. कड्यात एक्स-रेची नळी गरगर फिरते आणि संगणक त्या असंख्य सावल्या जुळवून शरीराचे आडवे काप दाखवतो. हे यंत्र हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याने केले आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये त्याने पहिल्या रुग्णाचे डोके पाहिले. तो नोकरीला होता ईएमआय कंपनीत; आपल्या आजोबांच्या ग्रामोफोनवरच्या, कुत्र्याचे चित्र असलेल्या तबकड्या ज्या घराण्यातल्या, तीच ही कंपनी. हे ऐकून मामा खूश झाले. सीटीचे काम काही मिनिटांत आटोपते. "श्वास घ्या, रोखून धरा, सोडा" एवढे ऐकले की झाले. मात्र यात किरण जास्त लागतात. छातीच्या साध्या एक्स-रेला जेवढे किरण अंगात जातात, तेवढे माती, दगड आणि आकाश यांच्याकडून आपल्याला दहा दिवसांत फुकट मिळतात. पोटाच्या सीटीला लागतात ते अडीच-तीन वर्षांच्या भरणीइतके. गरज असताना घाबरण्याजोगे हे नाही. पण शेजाऱ्याने केला म्हणून आपणही करून घ्यावा, असेही नाही. बाई गरोदर असेल किंवा तशी शंका असेल, तर ते न विचारता आधी सांगावे.

कधी कधी सीटीच्या वेळी शिरेतून आयोडीनयुक्त औषध टोचतात, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसतात. ते आत जाताना अंगातून ऊन लाट गेल्यासारखी वाटते, तोंडाला धातूची चव येते आणि क्षणभर आपण अंथरुणातच लघवी केली की काय, असा भास होतो. आधी कोणी सांगितले नाही तर माणूस लाजेने आणि भीतीने अर्धमेला होतो. सांगितले असेल तर हसतो. मूत्रपिंडाचा विकार असेल, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील किंवा पूर्वी या औषधाने त्रास झाला असेल, तर ते सांगणे जरूर आहे. येथे मामींनी मध्येच विचारले, "ह्यांका कुर्ली सोसणा नाय, अंगार गांधी उठतत. मग ह्या इंजेक्शन चलात?" प्रश्न आमच्या किनाऱ्याला साजेसा आहे. समुद्रातल्या वस्तूत आयोडीन, औषधातही आयोडीन, असा हा हिशेब. पण तो चुकीचा आहे. कुर्ली किंवा कोळंबी सोसत नाही ती तिच्यातल्या प्रथिनामुळे, आयोडीनमुळे नव्हे. तरी आपल्याला कशाकशाचे वावडे आहे, ते डॉक्टरांना सांगण्यात तोटा काहीच नाही.

चौथा फोटो एमआरआयचा. यात एक्स-रे मुळीच नाहीत. यात आहे एक प्रचंड लोहचुंबक. नेहमीच्या यंत्राचे बळ पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून अधिक असते. आपल्या अंगात जे पाणी आहे, त्यातले हायड्रोजनचे कण या चुंबकाच्या धाकाने एका दिशेने उभे राहतात. मग रेडिओच्या लहरींनी त्यांना हलवायचे आणि परत जागेवर येताना ते जी कुजबुज करतात, ती ऐकून चित्र काढायचे. माणूस एका अरुंद बोगद्यात निजतो. वीस मिनिटे ते पाऊण तास हलायचे नाही. आवाज मात्र भयंकर. चुंबकाच्या पोटातल्या तारांच्या वेटोळ्यांत वीज झपाट्याने चालूबंद होते आणि ती वेटोळी थरथरतात. कधी दारावर थाप मारल्यासारखे, कधी रस्ता फोडणाऱ्या यंत्रासारखे. कानांत बोळे किंवा कानांवर झाकण देतात. हातात एक रबरी फुगा देतात; घाबरलात तर तो दाबायचा, की बाहेर काढतात. मी माझ्या वेळी डोळे मिटून मनातल्या मनात सातशे सत्तरपर्यंत आकडे मोजले होते. बोगद्यात गेल्यावर डोळे उघडण्यापेक्षा आधीच मिटून घ्यावेत, हा माझा अनुभवाचा सल्ला.

"तेच्यात काय भियाचा हा?" मामा म्हणाले, "मी ट्रॉलराच्या इंजिनाखाली झोपान काम केलंय." व्याख्यान संपले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तेथे पोचलो. खिडकीतून एक छापील कागद मिळाला. त्यावर वीस-बावीस प्रश्न होते. हृदयाला पेसमेकर बसवला आहे काय? मेंदूत क्लिप आहे काय? कानात यंत्र आहे काय? अंगात बंदुकीची गोळी किंवा धातूचा तुकडा आहे काय? डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता काय? बंद जागेची भीती वाटते काय? मामा बाकावर बसले होते. मी खिशातून पेन काढले आणि उभ्या उभ्या सर्व प्रश्नांपुढे "नाही, नाही, नाही" असे सुवाच्य अक्षरात लिहून काढले. खाली मामांची सही घेतली. माझ्या मागे रांग होती, आणि आपल्यामुळे कोणाचा खोळंबा होऊ नये, ही माझी शहाणपणाची कल्पना होती.

मग कपडे बदलण्याचा सोहळा झाला. मामांच्या दंडात देवाचा काळा धागा आणि त्यात तांब्याचा ताईत होता. तो काढायला ते नाखूष होते. तेथे काम करणाऱ्या तरुण मुलीने तो हातात घेऊन कागदाच्या पुडीत बांधला आणि म्हणाली, "आजोबा, हा माझ्या टेबलावर देवासमोर ठेवते. बाहेर आलात की आधी हाच बांधायचा." मामांनी मान डोलावली. बायकांच्या मंगळसूत्रावरून आणि जोडव्यांवरून येथे रोजच कोणाच्या ना कोणाच्या डोळ्यांत पाणी येते, असे ती म्हणाली. सोने चुंबकाला चिकटत नाही हे खरे. पण धातूच्या वेढ्यात वीज खेळून तो तापू शकतो आणि चित्रही बिघडते. काचेच्या बांगड्यांना मात्र हरकत नसते.

दाराशी नेऊन तिने मामांना खुर्चीवर बसवले आणि माझा तो कागद हातात घेतला. मला वाटले, आता आत नेणार. तिने मला बाजूला सारले, मामांसमोर गुडघे टेकून बसली आणि पहिल्यापासून विचारू लागली. मी म्हटले, "सगळे लिहिले आहे मी." ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "काका, फोटो त्यांचा आहे ना?" आणि तिने असा प्रश्न विचारला, जो छापील कागदावर नव्हता. "आजोबा, तुम्ही आयुष्यभर काम काय केलंत?"

"बोटींची इंजिना."

"मग ग्राइंडर मारताना डोळ्यात कधी काही उडालं होतं?"

"दोनदा," मामा म्हणाले. "पयलो कण डॉक्टरान काढल्यान. दुसरो रवलो. नारळी पुनव तोंडार इल्ली, बोटी दर्यात जावच्या होत्या. डॉक्टराकडे जावक येळ खंय? डोळो धुतलंय, दोन दिस सुजलो, मग बरो झालो. पाण्यान गेलो आसात."

तिने कागद खाली ठेवला. मामांना आत नेण्याऐवजी डोळ्यांचा एक्स-रे काढायला पाठवले. दोन चित्रे काढली. एक वर पाहताना, एक खाली पाहताना. अर्ध्या तासाने क्ष-किरणतज्ज्ञ डॉक्टरांनी मला आत बोलावून पडद्यावर बोट ठेवले. डाव्या डोळ्याच्या खोबणीत मोहरीच्या चतकोराएवढा पांढरा ठिपका होता. पाण्याने तो गेला नव्हता. एवढी वर्षे तो तेथेच बसून होता.

"हे लोखंड असले आणि आपण यांना आत नेले असते," डॉक्टर म्हणाले, "तर ते जागचे हलू शकले असते." पुढचे त्यांनी सांगितले नाही. ते मी नंतर वाचले. डोळ्यातला धातूचा कण एमआरआयच्या चुंबकाने हलून माणसाची दृष्टी गेल्याची नोंद १९८६ सालापासून वैद्यकीय वाङ्मयात आहे. आणि या चुंबकाशी गाठ कशी असते, ते मुंबईनेही पाहिले आहे. २०१८च्या जानेवारीत नायर रुग्णालयात रुग्णाबरोबर आलेला एक तरुण प्राणवायूचे लोखंडी नळकांडे घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला आणि नळकांड्यासकट यंत्रात ओढला जाऊन प्राणाला मुकला. चित्र काढणे थांबले, म्हणजे यंत्र बंद आहे, असे आपल्याला वाटते. तसे नसते. चुंबक रात्रंदिवस जागाच असतो. म्हणून त्या खोलीच्या उंबऱ्याशी किल्ल्या, मोबाइल, सुटे पैसे, बँकेचे कार्ड, चाकांची खुर्ची, सारे बाहेर ठेवायचे. आणि नातेवाइकांनीही आगाऊपणा बाहेर ठेवायचा.

एमआरआय रद्द झाला. मामांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून त्याऐवजी कमरेचा सीटी स्कॅन केला. परतीच्या वाटेवर गाडीत मी गप्प होतो. शेवटी न राहवून म्हटले, "मामानू, काल रात्री मी एवढा बोललंय. डोळ्याचा तुम्ही माका सांगूक नाय?"

मामा खिडकीतून बाहेर पाहत शांतपणे म्हणाले, "तुका इचारल्यानी, तू सांगलंस. माका खंय कोणी इचारल्यानी?"

वाचकहो, गेली बावीस वर्षे मी परीक्षेच्या खोलीत एकच वाक्य म्हणत आलो आहे : "प्रश्न नीट वाचा आणि ज्याला विचारले आहे त्यानेच उत्तर लिहा." शेजाऱ्याचे उत्तर लिहिणाऱ्या मुलांचे पेपर मी काढून घेतले आहेत. मुलांच्या उत्तरातले कुसळ मला दहा बाकांवरून दिसते. त्या दिवशी मी मामांचा पेपर लिहिला, सगळी उत्तरे चुकवायला निघालो होतो आणि खाली त्यांची सही घेतली होती. आणखी एक हिशेब मी गाडीत बसून केला, तो सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. ज्या वर्षी तो कण डोळ्यात गेला, त्या वर्षी मी कोल्हापुरास एम.ए.ला होतो. मामा त्या हंगामात नेहमीपेक्षा जास्त बोटी का घेत होते, हे मी तेव्हा विचारले नव्हते. आजही ते मी त्यांना विचारलेले नाही. पण उत्तर मला ठाऊक आहे.

माझी ही चूक माझ्या एकट्याची नाही, म्हणून ती चव्हाट्यावर मांडतो आहे. आपल्याकडे आजारी माणसाला कोणी काही विचारत नाही. मुलगा बोलतो, सून बोलते, जावई बोलतो. आणि ज्याचे शरीर आहे तो बाकावर पिशवी सांभाळत बसतो. आत काय होणार, हे त्याला सांगत नाहीत, कारण 'उगाच घाबरेल'. त्याच्याविषयी काही विचारत नाहीत, कारण 'त्याला काय कळते'. ही यंत्रे माणसाच्या मज्जारज्जूपर्यंत पाहतात. पण माणूस काय जगला, ते त्यांना दिसत नाही. ते विचारावेच लागते. वेल्डर, फिटर, सुतार, चिरेखाणीवरचा कामगार, बोटीवरचा खलाशी, यांच्या अंगात त्यांचा धंदा कुठे ना कुठे रुतून राहिलेला असतो. कागद मोठ्याने वाचून दाखवावा, प्रत्येक प्रश्नापाशी थांबावे आणि उत्तर त्याच्याच तोंडून घ्यावे. दहा मिनिटे जातील. मागच्या रांगेने थांबावे.

जाताना जुने फोटो आणि जुने कागद बरोबर न्यावेत. आजची तुलना कालशी करता येते. बंद जागेची भीती वाटत असेल तर लाजू नये, आधीच सांगावे. त्यावर उपाय असतात. फोटो काढणाऱ्याला "काय दिसले हो?" असे विचारून पिडू नये, चित्र काढणे त्याचे काम, वाचणे तज्ज्ञांचे. आणि अहवाल हाती आला, की त्यातले इंग्रजी शब्द मोबाइलमध्ये घालून रात्रभर जागू नये. वयाच्या ऐंशीत असलेल्या, पाठ मुळीच दुखत नसलेल्या माणसांचे मणके तपासले, तर दहापैकी नवांहून अधिक जणांच्या चकत्या झिजलेल्याच दिसतात. केस पिकतात तशा त्या झिजतात. चित्रात दिसते ते सारेच दुखणे नव्हे. चित्र आणि माणूस दोन्ही समोर ठेवून जो सांगतो, त्या डॉक्टराचे ऐकावे.

मामांच्या सीटीत मणक्यातली वाट अरुंद झालेली दिसली. औषधे आणि व्यायाम सुरू झाले. आता ते बाजारापर्यंत एकदाच बसतात, आणि तेही गप्पांसाठी. डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितले, की कण बुबुळात नाही, खोबणीच्या मऊ भागात आहे. त्रास देत नाही तोवर असू द्यावा, वर्षातून एकदा दाखवावा. मात्र एमआरआयचे नाव कोणी काढले, की आधी हे सांगायचे. तसा कागद मामांनी ताइताशेजारी पाकिटात घालून ठेवला आहे.

या वर्षी चावदिवसाला पहाटे कारीट फोडून आम्ही नेहमीप्रमाणे मामांकडे पोह्यांना बसणार आहोत. मामी विचारतील, "ह्यांका गूळपोहे वाढू की दूधपोहे?" आणि सवयीने माझ्या तोंडून उत्तर निघू पाहील. ते मी गिळणार आहे. मामांनाच विचारू दे.